गोल करणारा हंगामी कामगार

श्रोतेहो, खामगावच्या जिनिंगमधला हंगामी मजूर आपणां सर्वांस ठाऊक आहे. इंग्लंडमधील खालच्या श्रेणीच्या फुटबॉल संघात गोल मारण्यासाठी ठेवलेला खेळाडू हा त्याचाच भाऊबंद. गोल झाले तर पुढचा करार, नाही तर दुसरे गाव. अशा माणसाला लोक फिरस्ता म्हणतात. मला ते पटत नाही; तो कामाच्या मागे फिरतो.

आमचा मजूर निदान दुसऱ्या जिनाच्या दारात उभा राहू शकतो. तिकडे 1963 पर्यंत तेही नव्हते. करार संपला तरी खेळाडूची नोंद जुन्या संघाकडेच राही. नवा करार नाकारला तर पगार बंद, आणि सुटकाही नाही!

पगारालाही कमाल मर्यादा होती: आठवड्याला 20 पौंड, उन्हाळ्यात 17. जिमी हिल यांच्या संघटनेने संपाची तयारी केली, तेव्हा जानेवारी 1961 मध्ये ती उठली. जॉनी हेन्सला 100 पौंड मिळू लागले. खालच्या श्रेणीतल्याला त्याचा उपयोग थोडाच. त्याच्या कामी आला जॉर्ज ईस्टहॅमचा खटला. न्यूकॅसल सोडीना, म्हणून हा नामांकित खेळाडू काही काळ बुचे विकीत होता. 1963 मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी ही अडवणूक गैरवाजवी ठरविली.

आपल्याकडे मुंबईचा महिंद्र युनायटेड 2006 मध्ये राष्ट्रीय लीगचा विजेता झाला. 2010 मध्ये मालकांनी संघच बंद केला. खेळाडूंना कोणी अडविले नाही; नवा संघ मात्र ज्याचा त्याने शोधायचा होता.