फोन कुणी लावायचा?

अंबड तालुक्यातल्या आमच्या गावात उपकेंद्राच्या भिंतीवर 14416 हा आकडा रंगवलेला आहे. टेलिमानस, मानसिक आरोग्यासाठी, चोवीस तास, मोफत. येता-जाता तो सगळ्यांच्या नजरेला पडतो. पण ज्याला त्याची खरी गरज आहे, तो माणूस त्या भिंतीसमोर थांबून खिशातला मोबाइल काढेल, ही अपेक्षाच मला चुकीची वाटते. ज्याची झोप उडाली, जेवण सुटलं, ज्याला आपण घरादाराला ओझं झालोत असं वाटू लागलं, त्याच्यात आकडे दाबण्याचंही बळ उरत नाही. तो फोन बाजूच्या माणसानेच लावायचा असतो. माझ्या मावसभावाच्या बाबतीत हे मला जवळून पाहायला मिळालं. त्याच्या आणि वहिनींच्या संमतीने, नाव टाळून, ते इथे लिहितो आहे.

भादव्यात पाऊस लागून राहिला होता. कापसाची बोंडं झाडावरच सडत होती, मोसंबीची फळगळ थांबत नव्हती. हंगाम सगळ्या गावाचाच वाईट होता, त्यामुळे दादाच्या गप्प बसण्याकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. वहिनींचं गेलं. त्या म्हणाल्या, "भाऊजी, पाऊस तर आत्ता आला. यांची झोप आखाजीपासूनच गेलीय. परवा मला म्हणाले, पोरांकडं तूच बघ आता. असं कशाला म्हणले असतील?"

कोणत्या खात्यात किती पैसे आहेत, कुणाचं किती देणं आहे, हेही दादाने त्यांना न विचारता सांगून ठेवलं होतं. कधी नव्हे ते हा माणूस एकेक गोष्ट आवरून ठेवत होता. वहिनींना त्याचीच धास्ती बसली होती.

फोन आम्ही आधी दादाला न सांगता लावला. नातेवाइकांना, शेजाऱ्यांनाही तो लावता येतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. गोठ्यामागे बाजेवर बसून वहिनींनी आकडा दाबला, भाषा मराठी निवडली. पलीकडे समुपदेशक ताई आल्या. त्यांनी शेतीचं काही विचारलं नाही, कर्जाचंही नाही. पहिला प्रश्न होता, "ते आत्ता कुठे आहेत आणि त्यांच्याजवळ कोण आहे?" मग: किती दिवसांपासून झोप नाही? याआधी कधी स्वतःला इजा करून घेतली होती का? दारू? आणि मग, "फवारणीचं औषध घरात कुठे ठेवता?"

वहिनी क्षणभर थांबल्या. औषध माजघरातच होतं, पत्र्याच्या पेटीत, बियाण्याच्या पिशव्यांशेजारी. आमच्याकडे बहुतेक घरांत ते तिथेच असतं. कुलूप नसतं, कारण चोरून नेण्यासारखं त्यात काही नाही असं आपण धरून चालतो. ताई म्हणाल्या, आजच्या आज ते घरातून हलवा, आणि कुठे ठेवलं ते त्यांना सांगू नका. संध्याकाळच्या आत पेटी चुलत्यांच्या आखाड्यावर कुलपात गेली.

एवढ्याशा कामाला किती महत्त्व आहे, ते श्रीलंकेकडे पाहिलं की कळतं. तिथे 1990च्या दशकापासून सर्वांत जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि पुढच्या दोन दशकांत आत्महत्यांचं प्रमाण सुमारे 70 टक्क्यांनी उतरलं. माणसांची दुःखं काही तेवढ्या प्रमाणात कमी झाली नसतील. पण मरणाची तीव्र ऊर्मी बहुतेकदा थोडा वेळ टिकते, आणि त्या वेळात हाताशी काही नसेल तर माणूस वाचतो. हेल्पलाइनचं कामही तेवढा वेळ पार करून देण्याचंच आहे. कर्ज फेडणं तिच्या हातात नाही, बोंडअळी मारणं नाही.

दुसरी गोष्ट वहिनींना जड गेली. ताईंनी सांगितलं, त्यांना सरळ विचारा, जीव द्यायचा विचार मनात येतो का? वहिनी म्हणाल्या, "उगाच इचारलं अन् नसलेलं डोक्यात आलं तर?" ही भीती घराघरांत आहे. पण विचारल्याने धोका वाढत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. उलट, जे मनात घेऊन माणूस एकटाच फिरतो आहे ते कुणीतरी उच्चारलं, याने त्याला मोकळं व्हायला वाट मिळते.

रात्री जेवणं झाल्यावर वहिनींनी विचारलं. दादा बराच वेळ बोलला नाही. मग "येतो" एवढंच म्हणाला, आणि रडला. त्याला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. पुन्हा फोन लावून वहिनींनी मोबाइल त्याच्या हातात दिला. दोन खोल्यांच्या घरात एकांत कुठला? तो अंगणात लिंबाखाली गेला, आम्ही पोरांना घेऊन आत थांबलो. दाराशी अर्धवट ऐकू येत होतं. "हो." "नाही." "ताई, काय करावं ते कळंनाच गेलंय." मधे लांबलचक शांतता. नंतर दादाने सांगितलं, त्या शांततेत ताई फक्त "मी आहे" म्हणायच्या, घाई करायच्या नाहीत. "हिंमत धर", "मर्दासारखा मर्द अन् खचतो काय", हे गेले काही महिने त्याला सगळ्यांनी ऐकवलं होतं. मीही त्यातलाच. या बाईंनी तसं काहीच म्हटलं नाही. शेवटी आजची रात्र कशी काढायची, रात्री उठावंसं वाटलं तर कुणाला उठवायचं, सकाळी कोण सोबत असेल, एवढं त्यांनी त्याच्याच तोंडून ठरवून घेतलं.

अनोळखी माणसाने फोनवर नुसतं ऐकायचं, ही कल्पना लंडनच्या चॅड व्हारा या धर्मगुरूंची. 1953 मध्ये त्यांनी चर्चमध्ये एक टेलिफोन ठेवून काम सुरू केलं, त्यातून समॅरिटन्स ही संस्था उभी राहिली. लोक भेटीसाठी ताटकळत असताना चहा देणारे, गप्पा मारणारे साधे स्वयंसेवकच पुष्कळांना पुरेसे ठरतात, हे त्यांच्या लवकर ध्यानात आलं. आपल्याकडे चेन्नईत 1986 मध्ये डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी स्नेहा सुरू केली. सरकारी टेलिमानस 10 ऑक्टोबर 2022 ला आली. आमच्या भागासाठी त्याआधीचं एक पाऊल होतं, प्रेरणा प्रकल्प. मराठवाडा-विदर्भातल्या 14 आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत आमचा जालना होताच. आशाताई घरोघरी प्रश्नावली घेऊन जायच्या, आणि बोलायला 104 हा क्रमांक होता. 2022 मध्ये देशात शेतीवर जगणाऱ्या 11,290 जणांनी आत्महत्या केल्या, त्यांतले 4,248 एकट्या महाराष्ट्रातले. ही राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची नोंद आहे. असा आकडा समोर असताना भिंतीवर नंबर रंगवून काम संपलं असं कुणी समजू नये.

दादाला आणखी एक भीती होती, केस होईल. खरं तर मे 2018 मध्ये लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलं जातं, आणि त्याला उपचार देणं हे सरकारचं कर्तव्य ठरतं. 1 जुलै 2024 पासूनच्या भारतीय न्याय संहितेत, या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं 309 कलम उरलेलं नाही. गावात मात्र अजून पोलिसांच्याच धाकाने गोष्टी झाकल्या जातात.

फोनने रात्र निघाली. आजार मात्र उपचारानेच हटतो. काही दिवसांनी टेलिमानस केंद्रातून विचारपूस करणारा फोन आला आणि त्यांनीच जिल्हा रुग्णालयाचा मनोविकार विभाग सुचवला. एसटीने जालन्याला जायचं म्हणजे दिवस मोडतो, रोज बुडतो. राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्यात एकही नाही. राजेश टोपे आरोग्यमंत्री असताना जालन्यासाठी 365 खाटांच्या मनोरुग्णालयाला मंजुरी मिळाली होती. ते लवकर उभं राहावं आणि त्याचबरोबर तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एकदा तरी मनाचा डॉक्टर बसावा, अशी आमची कळकळीची मागणी आहे. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. त्या आठवड्यांत दादा दोनदा म्हणाला, बंद करतो. वहिनींनी बंद करू दिल्या नाहीत.

एक गोष्ट आम्ही आशाताईंकडून वहिनींच्या मोबाइलमध्ये जतन करून घेतली: कुणी काही घेतलंच असेल तर 14416 वर बोलत बसायचं नाही, थेट 108 ला फोन करून रुग्णवाहिका बोलवायची.

दिवाळीनंतर गल्लीतल्या एका बाईने वहिनींकडे नंबर मागितला. तिचा बारावीतला पोरगा खोलीबाहेर येत नव्हता. वहिनींनी नंबर चिठ्ठीवर लिहून दिला नाही. हातातलं काम टाकून त्या तिच्या घरी गेल्या, तिच्याशेजारी बसल्या आणि स्वतः फोन लावून दिला.