मांडीवरचे पुस्तक आणि हातातला पडदा

ई-रीडर आणि टॅबलेट ही दोन्ही पडद्याचीच साधने असली तरी त्यांची जात वेगळी आहे. २००७ मध्ये बाजारात आलेल्या किंडलसारख्या ई-रीडरमध्ये इलेक्ट्रॉनिक शाई असते. सूक्ष्म कुप्यांतले काळे-पांढरे कण विजेच्या दाबाने वर-खाली सरकतात आणि अक्षर उमटते. एकदा उमटलेले पान तसेच ठेवायला वीज लागत नाही, म्हणून बॅटरी आठवडेच्या आठवडे टिकते. टॅबलेटचा पडदा मात्र सतत उजळलेला असतो, आणि त्यावर खेळ, व्हिडिओ, निरोप सारेच हाताशी असते.

लहान मुलांच्या बाबतीत तर छापील पुस्तक आणि टॅबलेट यांतला फरक फार मोलाचा ठरतो. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ३७ पालक आणि त्यांच्या लहानग्यांचे एकत्र वाचन न्याहाळले. छापील पुस्तक हाती असताना दोघे गोष्टीबद्दल अधिक बोलत; टॅबलेटवर बोलणे घटे आणि बरेचसे यंत्राभोवतीच फिरे. ‘मनीमाऊ कुठं लपली?’ या प्रश्नाची जागा ‘तिथं बोट लावू नकोस’ने घेतली, तर वाचनातला खरा ऐवजच हरवतो.

मोठ्यांसाठी चित्र इतके सरळ नाही. २०१८ मध्ये कागदावरच्या आणि पडद्यावरच्या वाचनाची तुलना करणाऱ्या ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यानुसार माहितीपर मजकूर कागदावर अधिक चांगला समजतो, विशेषतः वेळ बांधलेली असताना. कथा-कादंबरीत असा फरक आढळला नाही. अधू नजरेच्या आजोबांना तर अक्षर हवे तेवढे मोठे करून देणारा ई-रीडर वाचन परत मिळवून देतो.