सुई एकाची, धोका साऱ्या घराचा

मणिपूरची सीमा म्यानमारला भिडलेली आहे. 1980 च्या दशकात सीमेवरील मोरे गावामार्गे ‘नंबर फोर’ या नावाने ओळखले जाणारे हेरॉइन तेथील तरुणांच्या हाती पडले आणि ते शिरेतून टोचून घेण्याचे व्यसन फोफावले. 1989-90 च्या सुमारास त्यांच्यात एचआयव्हीचा शिरकाव झाला आणि अल्पावधीतच तपासलेल्यांपैकी सुमारे निम्मे बाधित आढळले. पुढे हा संसर्ग सुईला कधी हातही न लावलेल्या त्यांच्या पत्नींपर्यंत पोहोचला.

हा वेग कशामुळे? अमली पदार्थातून एचआयव्ही उद्भवत नाही. तो पसरतो वाटून घेतलेल्या साधनांतून. सुई शिरेत गेल्याची खात्री करण्यासाठी दट्ट्या किंचित मागे ओढतात, तेव्हा रक्त सिरिंजमध्ये येते. तीच सिरिंज दुसऱ्याने वापरली की ते थेट त्याच्या रक्तात मिसळते. साध्या पाण्याने धुतल्याने विषाणू नष्ट होईलच असे नाही. द्रावण बनवण्याचा चमचा, गाळण्याचा कापूस आणि पाणी सामाईक असले, तरीही धोका उरतोच. हेपटायटिस ‘सी’ तर याच वाटेने अधिक सहज पसरतो.

मग मनुष्य दुसऱ्याची सुई का घेतो? अंमल उतरू लागला की अंगदुखी, उलट्या आणि तगमग असह्य होते. त्या घटकेला नवी सुई शोधण्याइतका धीर उरत नाही. पोलिसांच्या आणि घरच्यांच्या भीतीने जवळ स्वतःची सिरिंज बाळगली जात नाही. त्यात निरोधाविना शरीरसंबंध आले की संसर्ग उंबरठा ओलांडतो.

म्हणूनच सुई सापडताच मारहाण करणे किंवा घराबाहेर काढणे हा उपाय नव्हे. त्यामुळे व्यसन सुटत नाही, केवळ अधिक आडोशाला जाते. आणि आडोशाला सुया वाटल्या जातात. त्याऐवजी रुग्णाला तपासणीस न्यावे. शासकीय एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत एचआयव्हीची चाचणी विनामूल्य होते व माहिती गोपनीय राहते. पती वा पत्नीचीही चाचणी करावी. 1097 या हेल्पलाइनवर मार्गदर्शन मिळते. जिभेखाली ठेवण्याच्या ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळ्यांनी तलफ आवरते आणि सुईची गरज कमी होते. नव्या सुया पुरवणाऱ्या उपक्रमांना 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संरक्षण दिले आहे.

लागण झालीच असेल, तर एआरटीची औषधे नियमित घेऊन दीर्घायुष्य शक्य आहे. मात्र त्यासाठी रुग्णाने सत्य सांगायला हवे आणि ते सांगता येईल असे घर त्याला लाभायला हवे.