वर्ध्याच्या सडकेवरून पीटरमॅरिट्झबर्गला

बेचाळीस किलोमीटर आणि वर एकशे पंचाण्णव मीटर पळाले की मॅरॅथॉन पुरी होते. शहाण्या माणसाचे पळणे तेथे थांबते. त्यापुढे जे पळायचे त्याला अल्ट्रामॅरॅथॉन म्हणतात. मग ते पन्नास किलोमीटर असो, शंभर असो, की बारा तास एकाच मैदानाला घातलेल्या प्रदक्षिणा असोत. या वेडाचे आद्यपीठ दक्षिण आफ्रिकेत आहे. दरबान आणि पीटरमॅरिट्झबर्ग या दोन शहरांमधली 'कॉम्रेड्स' ही शर्यत व्हिक क्लॅफम नावाच्या एका इंजिनड्रायव्हरने पहिल्या महायुद्धात पडलेल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ सुरू केली. 24 मे 1921 रोजी चौतीस जण निघाले, सोळा जण पोचले. एक वर्ष चढणीकडून, पुढचे वर्ष उतरणीकडून, असा क्रम. अंतर साधारण 86 ते 90 किलोमीटर. वर्ध्याहून निघून नागपूर गाठायचे आणि तेथेही न थांबता आणखी दहाएक किलोमीटर पळायचे, म्हणजे वाचकांना अंदाज येईल. वेळ बारा तास.

पीटरमॅरिट्झबर्ग हे नाव वर्धेकरांना परके नाही. 7 जून 1893 च्या रात्री पहिल्या वर्गाचे तिकीट खिशात असलेल्या एका तरुण बॅरिस्टरला ज्या स्टेशनावर गाडीतून उतरवण्यात आले, ते हेच. पुढे तेच गृहस्थ 1936 साली आमच्या शेगावात राहायला आले आणि शेगावचे सेवाग्राम झाले. त्या गावातच जाऊन पळायचे, हा हट्ट माझ्या मनात कधी शिरला हे सांगता येणार नाही. पण शर्यतीचा इतिहास वाचला तेव्हा तो पक्का झाला. कारण ही सोबत्यांची शर्यत पन्नासहून अधिक वर्षे फक्त गोऱ्या पुरुषांची होती. कृष्णवर्णीयांना आणि स्त्रियांना अधिकृत प्रवेश मिळाला तो 1975 साली. त्याआधी फ्रान्सेस हेवर्ड नावाची एक बाई 1923 मध्ये नोंदणी नाकारली असतानाही पळाली, आणि 11 तास 35 मिनिटांत पोचली. पदक नाही मिळाले. प्रेक्षकांनीच वर्गणी काढून तिला चांदीचा चहाचा संच दिला. रॉबर्ट म्च्छाली हा कृष्णवर्णीय धावपटू 1935 साली असाच बिनक्रमांकाचा धावला. मी स्त्री, मी गव्हाळ, आणि वय पंचेचाळीस. म्हणजे तिन्ही बाजूंनी माझा अधिकार सिद्ध झाला, असे मी घरी सांगितले. "गुडघ्यांना विचारलेस का?" एवढेच यांनी विचारले.

प्रवेशासाठी आधी एक पूर्ण मॅरॅथॉन चार तास पन्नास मिनिटांच्या आत धावल्याचा दाखला लागतो. तो मिळवून झाला. खरी अडचण पुढे होती. शर्यत जूनमध्ये, म्हणजे तेथल्या हिवाळ्यात. आणि तिची तयारी करायची आमच्या एप्रिल-मेमध्ये, जेव्हा वर्ध्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात असतो आणि रात्री बारालाही भिंती तापलेल्या असतात. मग पहाटे तीनला उठणे आले. साडेतीनला निघायचे, सातच्या आत घरी, आणि अकराला वर्गात ज्ञानेश्वरी. मुलींना वाटे, मॅडम डोळे मिटून तल्लीन होतात. तल्लीनता खरी होती, कारण निराळे होते.

पवनारचा रस्ता माझा नेहमीचा. धाम नदीचा पूल आला की विनोबांच्या आश्रमाकडे एकदा पाहून मागे फिरायचे. याच पवनारहून विनोबा 12 सप्टेंबर 1951 रोजी दिल्लीला पायी निघाले आणि भूदानासाठी हिंडत हिंडत 1964 च्या एप्रिलमध्ये परतले. रोजची मजल दहा-बारा मैलांची, पोटात व्रण, आणि निघण्याची वेळ हीच, उजाडण्याआधीची. त्यांच्या हिशेबात आमचे बारा तास म्हणजे किरकोळ खर्डा. तरी पुलावर दम लागला की तो हिशेब कामी येई.

चढाचे मात्र वर्ध्यात दुर्भिक्ष. रविवारी हिंदी विश्वविद्यालयाच्या टेकड्यांवर वरखाली करायचे, इतर दिवशी रेल्वेचा उड्डाणपूल. उड्डाणपुलाला पंधरा फेऱ्या घालणाऱ्या बाईकडे लोक कसे पाहतात, हे वेगळे सांगायला नको. एकदा सेवाग्रामच्या रस्त्यावर भाजीचे ओझे घेऊन निघालेल्या एका म्हातारीने मला थांबवलेच. "काहून पयता वो बाई? घरी काही झालं का?" काही झाले नाही म्हटल्यावर ती जास्तच काळजीत पडली.

लांब पळण्यात पायांपेक्षा पोटाचे शास्त्र मोठे. स्नायू आणि यकृत यांत साठवलेली साखर साधारण तीस किलोमीटरला संपत येते. पुढे चरबी जळते, पण ती सावकाश. म्हणून पळतापळताच खावे लागते, आणि पळताना खाणे पोटाला आवडत नाही. त्याचाही अभ्यास करावा लागतो. परदेशी पाकिटातले गोड लापशीसारखे पदार्थ मला मानवले नाहीत. उकडलेला बटाटा मीठ लावून, गुळाची चिक्की, आणि हो, वर्ध्याचा गोरसपाक! तो दरबानपर्यंत गेला. पाण्याचे उलटेच. तहान नसताना ढसाढसा प्यायले तर रक्तातले मीठ पातळ होते आणि माणूस त्याने दगावूही शकतो. पळण्याआधी आणि नंतर वजन करून आपला घाम किती जातो हे मी वहीत लिहून ठेवी. वेदनाशामक गोळी शर्यतीत घ्यायची नाही, मूत्रपिंडावर ताण येतो, हे एका डॉक्टर विद्यार्थिनीच्या आईने बजावले होते. बूट अर्धा नंबर मोठा, कारण पाय सुजतात. आणि पहिल्या किलोमीटरपासूनच पंचवीस मिनिटे पळणे, पाच मिनिटे चालणे. दमल्यावर चालण्यात लाभ नाही. दमण्याआधी चालण्यात आहे.

आपल्याकडे ही परंपराच नाही असे मात्र कोणी म्हणू नये. बेळगावचे फडेप्पा चौगुले 1920 साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरॅथॉन धावून एकोणिसावे आले होते. पुण्याचे आशीष कासोदेकर तर साठ दिवसांत साठ पूर्ण मॅरॅथॉन धावले, आणि 2022 च्या जानेवारीत तो क्रम पुरा केला. त्यांच्यापुढे माझे पळणे म्हणजे अंगणातली लंगडी.

9 जून 2024. त्या वर्षी चढणीची पाळी होती. दरबानच्या टाउन हॉलसमोर पहाटेच्या अंधारात हजारो माणसे 'शोशोलोझा' हे खाणकामगारांचे गाणे गात होती. मग ध्वनिमुद्रित कोंबडा आरवला आणि तोफ झाली. नावाजलेल्या चढण्या पाच. त्यांतली शेवटची पॉली शॉर्ट्स शेवट जेमतेम आठ किलोमीटरवर आल्यावर भेटते. वाटेत आर्थर न्यूटन या पाच वेळच्या विजेत्याचे दगडी आसन आहे. तेथे फूल ठेवून "गुड मॉर्निंग, आर्थर" म्हणायचे, म्हणजे दुसरा अर्धा भाग बरा जातो. मी शेवंती ठेवली.

पॉली शॉर्ट्सवर मी एकटी नव्हते. सारेच चालत होते. शेजारच्या झुलू बाईने, ओळखदेख नसता, माझा दंड धरला आणि आम्ही विजेच्या खांबांच्या मोजणीने चढलो: दोन खांब चालणे, एक खांब पळणे. तिचे नाव विचारायचे राहिले, कारण बोलण्याइतका श्वास कोणाकडेच नव्हता. बारा तास भरले की एक पंच धावपटूंकडे पाठ करून बंदूक झाडतो. एक पाऊल मागे राहिलेल्यालाही पदक नाही. आम्ही आत आलो तेव्हा 11 तास 41 मिनिटे झाली होती. हेवर्डबाई माझ्यापुढे सहा मिनिटे.

बंदूक झाली तेव्हा मी गवतावर बसून बूट काढत होते. रेषेपासून चार हात अंतरावर एक पन्नाशीचा माणूस तसाच उभा राहिला. कोणी त्याला आत घेतले नाही. पण कोणी हसलेही नाही. दोघे जण जाऊन त्याच्या खांद्यावर घोंगडी टाकून आले.

दुसऱ्या दिवशी आम्ही स्टेशन पाहिले, आणि चर्च स्ट्रीटवरचा गांधीजींचा पुतळाही. 1993 साली आर्चबिशप टुटूंच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. हातात काठी घेऊन ते चालायला निघालेले आहेत. फुटपाथची पायरी मला चढवेना, तेव्हा यांनी रस्त्यावरूनच माझा फोटो काढला.