ड्रॅगनची फजिती

भय आणि हसू ही दोन्ही एका घरात फार काळ नांदत नाहीत. ज्या वस्तूला आपण एकदा मनमोकळेपणाने हसलो, तिचे भय आपल्याला पुन्हा तितकेसे वाटत नाही. मुलांसाठी गोष्टी रचणाऱ्या शहाण्या माणसांनी हे मर्म फार पूर्वीच ओळखले. म्हणूनच नुकतीच स्वतःची स्वतः वाचू लागलेल्या बालकांच्या पुस्तकांत एक अजस्र, परंतु मोठा गमतीदार प्राणी अनेक देशांत ठाण मांडून बसलेला दिसतो. त्याचे नाव ड्रॅगन. तो तेथे कशासाठी आला आणि कोणते काम करतो, ते ह्या पाठात आपण पाहू.

ड्रॅगन हा प्राणी पृथ्वीच्या पाठीवर कोठेही नाही. तो माणसाच्या कल्पनेने घडविला आहे. युरोपातील जुन्या कथांत त्याला सापाचे अंग आणि वटवाघळासारखे पंख असतात. तो मुखातून ज्वाळा ओकतो आणि सोन्याच्या राशीवर वेटोळे घालून बसतो. चीनमध्ये मात्र तो पाऊस आणणारा व मंगल मानला जातो. आपल्याकडे त्याचे नाव नसले, तरी त्याचे भाऊबंद आहेत. यमुनेच्या डोहात राहणारा कालिया हा त्यांपैकीच एक. सुसरीचा जबडा, सोंडेसारखे वळलेले नाक आणि माशाचे शेपूट असलेला मकर हा दुसरा. नाशिकपासून सुमारे ३० किलोमीटरांवर सिन्नर येथे गोंदेश्वराचे यादवकालीन मंदिर आहे. तेथे गाभाऱ्यातील अभिषेकाचे पाणी बाहेर पडण्याच्या वाटेवर असाच एक दगडी मकर आ वासून बसला आहे. जबडा किती भयंकर! पण काम कोणते, तर देवाच्या स्नानाचे पाणी मुकाट्याने बाहेर सोडण्याचे! शिल्पकाराने जणू त्या अक्राळविक्राळ प्राण्याला चाकरीसच लावले आहे.

भयंकराला असे कामाला लावावे किंवा त्याची फजिती करावी, ही आपल्या गोष्टींचीही जुनी रीत आहे. महाभारतातील बकासुर आठवा. एकचक्रा नगरीने त्याच्यासाठी गाडाभर अन्न, गाड्याचे रेडे आणि एक माणूस पाठवावा, असा शिरस्ता होता. भीम ते अन्न घेऊन गेला तेव्हा तो त्यावर स्वतःच ताव मारीत बसला. राक्षस संतापून पाठीत गुद्दे घालतो आहे आणि भीम मागे वळूनही न पाहता घासामागून घास घेतो आहे! हे चित्र डोळ्यांसमोर येताच राक्षसाचा धाक निम्मा ओसरतो. भोपळ्यात बसून वाघ-कोल्ह्यांना चकविणाऱ्या म्हातारीच्या गोष्टीतही हीच युक्ती आहे. अलीकडच्या काळात रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) ह्यांनी एका बालनाट्याला ‘निम्मा शिम्मा राक्षस’ असे नाव दिले. नुसते नाव ऐकूनच हसू फुटते. ब्रिटिश लेखक केनेथ ग्रॅहम ह्यांनी १८९८ साली प्रसिद्ध केलेल्या एका कथेतील ड्रॅगनला लढाईचा कंटाळा आहे आणि कवितांची आवड आहे. शेवटी एका मुलाच्या मध्यस्थीने तो आणि त्याच्याशी लढावयास आलेला वीर लुटुपुटीची लढाई करतात.

आता कोणी विचारील, ह्या गमतीचा वाचनाशी काय संबंध? संबंध फार जवळचा आहे. पहिल्याने वाचू लागलेल्या बालकापुढे कागदावरच एक ड्रॅगन उभा असतो, तो म्हणजे जोडाक्षर. आपल्या लिपीतील एकटा ‘र’च पाहा. ‘सूर्य’ ह्या शब्दात तो अक्षराच्या डोक्यावर चढतो. ‘चक्र’ मध्ये तो तिरका होऊन पोटाला बिलगतो. ‘राष्ट्र’ मध्ये तळाशी जाऊन बसतो. आणि ‘वाऱ्या’ मध्ये आडव्या कोरीसारखा होऊन शेजाऱ्याला चिकटतो. एका अक्षराची ही चार सोंगे! तुम्हांला ती आज सहज ओळखता येतात. पण सात वर्षांच्या मुलाला प्रत्येक सोंगापाशी थबकावे लागते. तो एकेक अक्षर लावीत वाक्याच्या शेवटास पोहोचतो, तोवर वाक्याचा आरंभ विसरलेला असतो. मग अर्थ लागत नाही, आणि अर्थ लागला नाही की पुस्तक मिटावेसे वाटते.

अशा मुलासाठी गोष्ट कशी रचावी? पुढील लहानशी गोष्ट पाहा :

एक होता ड्रॅगन. ड्रॅगन नाशिकला आला. ‘मी आग काढीन!’ ड्रॅगन ओरडला. फू! आग आली? नाही. जरासा धूर आला. गाय हसली.

‘मी खूप आग काढीन!’ ड्रॅगन परत ओरडला. फू! फू! आग आली? नाही. जरासा धूर आला. माकड हसले.

चिमी धावत आली. हातात मिसळ होती. ‘ही खा,’ चिमी बोलली. ड्रॅगन मिसळ खाऊ लागला. नाक लाल! कान लाल! शेपूट लाल! ‘आग! आग!’ ड्रॅगन ओरडला. आग आली? हो, आली. पण पोटात! ड्रॅगन धावत सुटला आणि गोदावरीत जाऊन बसला.

ही गोष्ट दिसावयास साधी आहे. पण तिच्या रचनेत काही हिशेब आहे. पहिली गोष्ट म्हणजे तिच्यातील वाक्ये आखूड आहेत. त्यामुळे वाक्य संपेपर्यंत त्याचा आरंभ स्मरणात राहतो. दुसरी गोष्ट अशी की, साऱ्या गोष्टीत जोडाक्षराचा शब्द एकच आहे, आणि तो म्हणजे ‘ड्रॅगन’. हा शब्द सात वेळा येतो. पहिल्या वेळी मूल अडखळते, दुसऱ्या वेळी थोडे थांबते, आणि सातव्या वेळी तो शब्द ओळखीचा होऊन जातो. तिसरी गोष्ट म्हणजे ‘आग आली? नाही. जरासा धूर आला.’ ही वाक्ये दोनदा जशीच्या तशी येतात. त्यामुळे तिसऱ्या खेपेस काय होणार, ह्याचा मूल मनाशी तर्क करू लागते. तर्क करणे हाही वाचनाचाच भाग आहे. तो तर्क चुकतो तेव्हा हसू येते आणि मूल ते वाक्य आपण होऊन पुन्हा वाचते. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. नाशिकची मिसळ किती झणझणीत असते, हे वाचणाऱ्याला ठाऊक आहे. ड्रॅगनला ठाऊक नाही. एवढ्या मोठ्या प्राण्यापेक्षा आपण शहाणे आहोत, हा अनुभव लहान मुलाला क्वचितच येतो. तो ज्या पुस्तकाने दिला, ते पुस्तक मूल पुन्हा हाती घेते.

ह्याप्रमाणे गोष्टीतला ड्रॅगन आणि अक्षरातला ड्रॅगन दोघेही एकदमच माणसाळतात.

परंतु हे सारे साधण्यास एक अट आहे, आणि ती पाळणे तुमच्या हाती आहे. तुमच्या घरी किंवा शेजारी एखादे धाकटे भावंड अडखळत वाचीत असेल. ते अडखळताच थोरले भाऊबहीण हसतात, चुकलेल्या शब्दाची नक्कल करतात, किंवा ‘आण इकडे, मी वाचतो’ असे म्हणून पुस्तक ओढून घेतात. ह्याचा परिणाम काय होतो, तो अनेक वर्गांत पाहावयास मिळतो. हसू झालेले मूल दुसऱ्या दिवशी धडा तोंडपाठ करून येते. तोंडाने घडाघडा म्हणते, पण बोट भलत्याच ओळीवर असते. सर्वांना वाटते की हे मूल वाचते. ते मात्र वाचण्याचे सोडून लपण्याची कला शिकलेले असते. पुढे इयत्ता वाढतात, पुस्तके जाड होतात आणि लपणे अधिकाधिक कठीण होत जाते.

म्हणून भावंड वाचीत असेल तेव्हा त्याच्याजवळ बसा. ते अडले तर लगेच शब्द सांगू नका. मनात पाचपर्यंत अंक मोजा. बहुधा तेवढ्यात त्याला शब्द सुटतो. नाहीच सुटला, तर हळूच सांगा आणि गोष्ट पुढे चालू द्या. ड्रॅगनची फजिती झाली म्हणजे दोघेही पोटभर हसा. हसावयाचे ते ड्रॅगनला. वाचणाऱ्याला कधीही नव्हे.