धोतरा : नाव एक, झाडे दोन

उकिरड्यावर, पडिक रानात, वाटेच्या कडेला धोतरा उगवतो. धोतरा कोणाला माहीत नाही? पण या एकाच नावाने आपण दोन निराळी झाडे ओळखतो. एक साधा धोतरा. दुसरा पिवळा धोतरा. त्याला कोणी काटेधोतराही म्हणतात.

नाव एक, म्हणजे ती भाऊभाऊ असतील, असे वाटते. पण तसे नाही बरे! साधा धोतरा वांगी, मिरची, तंबाखू यांच्या कुळातला. पिवळा धोतरा खसखशीच्या कुळातला. तो मूळचा आपल्याकडचा नव्हेच. तो मेक्सिकोकडून आला. दोघांचीही बोंडे काटेरी असतात. त्यावरूनच नाव जुळले असावे.

ती ओळखायची कशी?

साध्या धोतऱ्याची पाने रुंद, बिनकाट्याची. फूल कर्ण्यासारखे लांब, पांढरे किंवा जांभळे. हेच फूल आपण महादेवाला वाहतो. बोंड गोल. बी चपटे.

पिवळ्या धोतऱ्याच्या पानांना काटे. पानांवर पांढऱ्या शिरा. फूल पिवळेधमक. बोंड लांबट. देठ मोडला की पिवळा चीक येतो. बी काळपट, बारीक, थेट मोहरीसारखे.

दोन्ही झाडे विषारी आहेत. पण विष निराळे.

साध्या धोतऱ्याचे बी पोटात गेले तर तोंड कोरडे पडते. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. माणूस बरळतो, घरच्यांनाही ओळखत नाही. लोक म्हणतात, भूतबाधा झाली. ती बाधा नव्हे, ते विष आहे. जीवही जातो.

पिवळ्या धोतऱ्याचे विष गुपचूप येते. त्याचे बी मोहरीत मिसळते आणि घाण्यात जाते. शंभर भाग तेलात एक भाग एवढी भेसळही घात करते. पाय सुजतात, धाप लागते, हृदय थकते, डोळे अधू होतात. 1998 साली दिल्लीत असे मोहरीचे तेल खाऊन साठावर माणसे दगावली.

मग काय करावे?

मोहरीच्या शेतात पिवळा धोतरा दिसला की बोंडे धरण्याआधी उपटा. मोहरी निवडताना बी बोटांत घेऊन पाहा. मोहरी गुळगुळीत लागते, हे बी खरबरीत लागते. सुटे, बिनखात्रीचे तेल घेऊ नका. मुलांना दोन्ही झाडे दाखवून ठेवा.

कोणी बी खाल्लेच, तर अंगारे-धुपारे करत बसू नका. लगेच दवाखाना गाठा. जाताना त्या झाडाची डहाळी आणि बोंड बरोबर न्या. नुसते 'धोतरा खाल्ला' म्हटले, तर डॉक्टरांना काय समजणार? कोणता धोतरा, ते डहाळी सांगेल.