फीचा आकडा बघून मागे फिरू नका : आयटीआय, डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगसाठी शिष्यवृत्त्या

दहावी-बारावीचा निकाल लागला की आमच्या शाळेत वालिदैनची ये-जा सुरू होते. प्रश्न एकच असतो, "सर, मुलाला मशीनच्या लाइनमध्ये टाकायचंय, पण फी कशी भरायची?" दोन वर्षांपूर्वीचा एक विद्यार्थी अजून डोळ्यांसमोर आहे. मार्क चांगले होते, मेकॅनिकल डिप्लोमा करायचा होता. एका एजंटच्या सांगण्यावरून अब्बांनी कॅप राउंड सोडून थेट मॅनेजमेंटची सीट घेतली. नंतर कळलं की या सीटवर फी सवलत मिळत नाही. दुसऱ्या सेमिस्टरला मुलगा गॅरेजवर बसला. हुनर होता, पण माहिती नव्हती. म्हणून हा लेख.

आधी रस्ता समजून घ्या

दहावीनंतर दोन मोठे रस्ते आहेत. पहिला आयटीआय. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे ट्रेड दोन वर्षांचे आहेत, वेल्डर एक वर्षाचा. दुसरा रस्ता म्हणजे तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात आणि डिप्लोमा झालेल्याला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. म्हणजे आयटीआयला गेलेल्या मुलाचं शिक्षण तिथेच संपतं, असं अजिबात नाही. छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) इंडो-जर्मन टूल रूममध्ये टूल अँड डाय मेकिंगचा चार वर्षांचा डिप्लोमाही आहे.

पैसे कुठून मिळतात?

1. राज्य अल्पसंख्याक शिष्यवृत्ती : महाराष्ट्राचा रहिवासी असलेल्या मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी. तंत्रशिक्षण संचालनालयाच्या अभ्यासक्रमांना वर्षाला 50,000 रुपयांपर्यंत किंवा प्रत्यक्ष फी, यातली कमी असेल ती रक्कम. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा 8 लाख. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर.

2. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना : ही कुठल्या जातीसाठी नाही, उत्पन्नावर आहे. 8 लाखांच्या आत उत्पन्न असेल तर निम्मी ट्यूशन फी आणि परीक्षा फी सरकार देतं. अट अशी की प्रवेश कॅपमधूनच हवा. आमच्या त्या विद्यार्थ्याची गाडी इथेच अडकली.

3. मुलींसाठी : जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार व्यावसायिक अभ्यासक्रमांत ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना निम्म्याऐवजी 100 टक्के सवलत आहे. इथेही उत्पन्नाची मर्यादा 8 लाखच. शिवाय एआयसीटीईची 'प्रगती' शिष्यवृत्ती वर्षाला 50,000 रुपये देते. ती डिप्लोमा आणि डिग्री दोन्हींना आहे आणि एका घरातल्या दोन मुलींना मिळू शकते. 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठी 'सक्षम' आहे. या दोन्हींचे अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरायचे.

4. ओबीसी दाखला : आपल्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. मोमीन-अन्सारी, बागवान, तांबोळी, पिंजारी-नदाफ, मण्यार, अत्तार अशा कितीतरी बिरादऱ्या महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत. पण शाळेच्या दाखल्यावर नुसतं 'मुस्लिम' लिहिलेलं असतं आणि जात सिद्ध करायला जुने कागद सापडत नाहीत. दादा-परदादांचे शाळेचे, जन्माचे दाखले आत्तापासून शोधा. जात प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेअर आणि जात पडताळणी यांत बरेच महिने जातात.

केंद्राच्या मेरिट-कम-मीन्स योजनेबद्दल बरेच जण विचारतात. तिची मंजुरी 2021-22 पर्यंतची होती. त्या पैशांवर हिशेब मांडून प्रवेश घेऊ नका. आणि एकाच फीसाठी दोन सरकारी योजनांचे पैसे मिळत नाहीत. जिथे जास्त फायदा आहे ती एकच निवडा.

शिकता शिकता कमाई

आयटीआय झाल्यावर कंपनीत अप्रेंटिसशिप करता येते. 2019 च्या नियमांत किमान विद्यावेतन आयटीआयवाल्याला महिन्याला 7,000, डिप्लोमावाल्याला 8,000 आणि डिग्रीवाल्याला 9,000 रुपये ठरवलं होतं. पगार म्हणून हे कमी वाटेल. पण कारखान्याचा अनुभव आणि प्रमाणपत्र मिळतं, त्याची किंमत पुढे कळते.

अर्ज कुठे अडकतो?

माझ्या अनुभवात निम्मे अर्ज नावामुळे अडकतात. दाखल्यावर 'शेख मोहम्मद', आधारवर 'मोहंमद शैख', बँकेत 'मोहद'. माणूस एकच, पण कॉम्प्युटरला तीन दिसतात. दहावीच्या मार्कशीटवरचं स्पेलिंग पक्कं धरा आणि बाकी सगळे कागद त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या.

दुसरी अडचण बँकेची. खात्याला आधार नंबर दिला म्हणजे काम झालं असं नाही. ते खातं डीबीटीसाठी आधारशी सीडिंग झालेलं हवं. घरात दोन-तीन खाती असतील तर पैसे कोणत्या खात्यात येणार, हे बँकेत जाऊन विचारा.

तिसरी गोष्ट कागदांची. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाइल निकालाच्या आधीच काढून ठेवा. कॅपचं अलॉटमेंट लेटर, फीची पावती, बोनाफाईड हे सगळं एका फाइलमध्ये ठेवा. आणि लक्षात असू द्या, अर्ज एकदा भरून भागत नाही. दर वर्षी रिन्यूअल करावं लागतं.

थोडं बिरादरीलाही सांगायचंय

शिष्यवृत्ती मंजूर होते, पण पैसे उशिरा येतात. मुलं गळतात ती याच मधल्या काळात. हॉस्टेल, पास, वर्कशॉपचे कपडे, ड्रॉइंगचं सामान याला पैसे आत्ता लागतात. मोहल्ल्यातल्या मस्जिदीच्या बैतुलमालमधून हकदार मुलाला पहिला हप्ता भरायला मदत झाली, तर त्याची तीन वर्षं वाचतात. रमजानमध्ये जकातीचा हिशेब करताना एवढा विचार जरूर करा.

आणि मोबाईलवर पाचशे-हजार घेऊन 'स्कॉलरशिप करून देतो' म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. हे अर्ज घरी बसूनही भरता येतात. जमत नसेल तर मुलाच्या शाळेत जा, शिक्षकांना विचारा. विचारायला लाज कसली? तालीम हा आपल्या मुलांचा हक आहे.